एकोणीस नंबरचा पाय

रंजे,

तुझ्या जलदान विधीला मी आले होते. बायकांत अगदी मागं, भिंतीला टेकून बसले होते. कुणी विचारलं तर "शाळेतली मैत्रीण" एवढंच सांगत होते. पण तुझ्या सासूनं मला शोधून काढलं, हाताला धरून पुढं नेलं आणि पाहुण्यांना सांगितलं, "ही आमच्या रंजूची वैशाली. पुण्यात लई मोठ्या हुद्द्यावर हाय. ते पायाचं मशीन हिचंच." एका म्हाताऱ्यानं मला हात जोडले. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, रडतेय. मी रडत नव्हते. मला वर बघवत नव्हतं.

आता महिना उलटून गेला. जे तुझ्या तोंडावर सांगायला पाहिजे होतं ते कागदावर लिहितेय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "वैशे, फिरवून बोलू नको, सरळ सांग." सरळच सांगते. फक्त पहिल्यापासून सांगते, कारण शेवटाकडनं सुरुवात करायची माझी हिंमत नाही.

तुझा पाय मी पाचवीपासून ओळखते. वाशीच्या शाळेत आपण खो-खोला एकाच दिवशी नाव दिलं. तेव्हा बूट कुणाकडं होते? आपण अनवाणीच खेळायचो. तू खांबाजवळ आलीस की डावा पाय रोवायचीस आणि सगळं अंग त्या एका पायावर असं फिरवायचीस की पाठलाग करणारी पोरगी पुढं निघून जायची. सर आम्हाला म्हणायचे, "तिच्या तोंडाकडं बघू नका, पायाकडं बघा." सहा वर्षं मी तेच केलं.

आणि जिल्ह्याच्या निवडीचा तो सामना. मी तुझ्या पाठीला हात न लावताच "खो" म्हणून ओरडले. तू उठलीस. पंचांनी शिट्टी वाजवली, आणि त्या गोंधळात समोरची पोरगी निसटली. सामना गेला. सर तापले, तेव्हा तू म्हणालीस, "सर, म्याच आधी उठले." पुढच्या सामन्यात सरांनी तुला बाहेर बसवलं. मी खेळले. नंतर पंचवीस वर्षं आपण त्यावर भांडलो. भेटलं की मी म्हणायची, "हात लागला होता," आणि तू हसून म्हणायचीस, "न्हाय लागला." ते भांडण कधी मिटलंच नाही. आज लिहून देते: नव्हता लागला. मला तेव्हाच माहीत होतं.

बारावीनंतर मी लातूरला गेले, तिथून पुण्याला. तुझं लग्न दिलीपदाजींशी झालं आणि तू वाशीपासून दोन कोसांवरच्या गावात नांदायला गेलीस. दाजींचा टेम्पो, थोडं रान, तुझी शिलाई मशीन. बायकांच्या गटाची तू अध्यक्ष. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर पोरींना खो-खो शिकवायचीस, तुझी लेक तेजू त्यातच. मी वर्षातून एकदा यायचे, तुझ्या हातची धपाटी खायचे, आणि माझं काम काय ते तुला समजावून सांगायचा प्रयत्न करायचे.

तू पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा किती हसलीस! "पायाचा फोटू काढायला पगार मिळतो व्हय?" मी म्हणाले, फोटो नाही गं. पाय उभा असतो तेव्हा एक आकार असतो, आणि चालताना दुसरा. टाच टेकली, भार आला, की पाय लांब होतो, रुंद होतो, कमान खाली येते, बोटं पसरतात. बूट बनवणारे आजवर उभ्या पायाचंच माप घेत आले. आमचं मशीन चालत्या पायाचं माप घेतं. मधे जाड काच बसवलेला लाकडी मार्ग, दोन्ही बाजूंनी कॅमेरे, काचेच्या खालून कॅमेरे. पायावर उजेडाच्या बारीक रेघा पडतात, आणि पाय टेकल्यापासून उचलेपर्यंत एकेका सेकंदात कितीतरी वेळा त्याचा सगळा आकार नोंदला जातो. मग संगणकावर नुसता पाय चालताना दिसतो. बाई नाही, लुगडं नाही, चेहरा नाही. करड्या रंगाचा एक पाय, हवा तसा फिरवून बघायचा.

तू म्हणालीस, "बाईच न्हाय दिसत? मग कुणाचा पाय ते कसं कळायचं?"

"नंबर असतो," मी म्हणाले.

मला अशा बायकांचे पाय पाहिजे होते ज्या आयुष्यभर रानात अनवाणी किंवा साध्या चपलेवर चालल्यात. शहरातले पाय आमच्याकडं भरपूर होते. मी तुला फोन केला आणि आठ दिवसांत तू चाळीस बायका गोळा केल्यास. त्यासाठी तू घरोघरी फिरलीस हे मला नंतर कळलं. मी कधी विचारलंच नव्हतं.

समाजमंदिरात आम्ही मशीन मांडलं. खिडक्यांतून ऊन येत होतं आणि कॅमेऱ्याला अंधार पाहिजे होता. तू गल्लीत हाक दिलीस, आणि बायका घरातल्या वाकळा घेऊन आल्या. खिडक्यांवर वाकळा लागल्या. आमचा मशीन चालवणारा मुलगा पडद्याआड बसेल असंही तूच ठरवलंस, कारण पोटरीपर्यंत लुगडं वर घ्यायला कुणी तयार होईना.

मग जोडव्यांचं निघालं. चांदी चकाकली की कॅमेऱ्याला तिथला आकार दिसत नाही, नुसता भोकासारखा डाग येतो. मी म्हणाले, जोडवी काढून ठेवा. शांताबाई उठून निघालीच. "नवरा जित्ता हाय माझा," म्हणाली. पुण्याहून आणलेलं सगळं सामान परत न्यावं लागणार असं वाटलं. तू मला बाजूला घेतलंस. "काढायलाच पायजेत का? का चकाकू द्यायचं न्हाय एवढंच?"

"चकाकायला नको, एवढंच."

"मग पावडर चोपडू की."

तेजूच्या तोंडाला लावायच्या पावडरीचा डबा तू घेऊन आलीस, पाणी घालून दाट कालवलीस आणि खाली बसून एकेकीच्या जोडव्यांना बोटानं लावलीस. चांदी पांढरीफटक झाली. कॅमेऱ्यानं बोटन् बोट टिपलं. त्या दिवशीचं सगळं काम तुझ्या त्या डब्यामुळं झालं. आमच्या शोधनिबंधात मी काय लिहिलं माहीत आहे? "दागिन्यांवरील परावर्तन टाळण्यासाठी आमच्या गटाने स्थानिक परिस्थितीस अनुरूप पद्धत विकसित केली." आमच्या गटाने. वाक्य लिहून झाल्यावर मी ते परत वाचलं होतं, आणि तसंच ठेवलं.

काच फुटेल म्हणून बायका भीत होत्या. अठरा जणींना तू हाताला धरून त्यावरून चालवलंस आणि एकोणिसावी तू स्वतः चाललीस. चालून आलीस आणि चपला शोधताना म्हणालीस, "वैशे, ह्या डाव्या पायाला आजकाल काय कळंना बघ. परवा चप्पल कुठं गळून पडली पत्ताच न्हाय लागला. तशीच घरी आले." तुला साखरेचा आजार होता. गोळ्या कधी घ्यायचीस, कधी विसरायचीस. हे मला माहीत होतं. मधुमेहात पायाची जाणीव जाते हे तर माझ्या धंद्यातलं पहिलं वाक्य. मी काय म्हणाले? "म्हातारी झालीस तू." तू हसलीस. मी विसाव्या बाईचा नंबर पुकारला.

निघताना शांताबाईनं विचारलं, "आमाला काय मिळनार ह्यातनं?" आमच्या संमतीच्या कागदावर तिसऱ्या पानावर छापलं होतं की यातून वैद्यकीय सल्ला दिला जाणार नाही. तो कागद बायकांनी अंगठे आणि सह्या करून दिला होता, कुणी वाचला नव्हता. मी तेच सांगायला पाहिजे होतं. पण सगळ्या माझ्याकडं बघत होत्या, तू अभिमानानं बघत होतीस, आणि मी म्हणाले, "तुमच्या पायाचं काय आहे ते मी कळवीन. चांगले बूटही बनतील यातून."

त्यानंतर साधारण महिन्यानं मी एकोणीस नंबरची फाइल उघडली.

नंबर बघायची गरजच नव्हती. पाय टेकायच्या आधी घोटा जरासा बाहेर वळला आणि मी ओळखलं, ही रंजी. मग भार आला. रंजे, भार आल्यावर पायाची कमान खाली येते ती थोडी. तुझी कमान खाली आली आणि थांबली नाही. मधली हाडं खाली फुगून आली, जिथं पोकळी पाहिजे तिथं उंचवटा झाला, आणि तू सगळं वजन त्या उंचवट्यावर टाकून पुढं गेलीस. ज्याला दुखतं तो माणूस असं पाऊल टाकूच शकत नाही. तुला दुखत नव्हतं. आतली हाडं ढासळत होती आणि तुला पत्ता नव्हता.

हे काय आहे ते मला पहिल्या पावलात समजलं. मी डॉक्टर नाही, पण अशा पायांसाठीच बूट बनवायचे म्हणून हे काम चाललेलं. अशा पायाला तिथं खाली जखम होते, जखम कळत नाही, मग ती वाढत जाते. वेळीच पायावरचा भार काढला, पाय प्लास्टरमधे ठेवला, तर वाचतो.

आणि आता ते सांगते जे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. मला आनंद झाला. इतका स्वच्छ नमुना आमच्याकडं एकही नव्हता. पाय ढासळतानाची एकेक रेघ टिपलेली. मी खुर्चीतून उठून शेजारच्या खोलीतल्यांना बोलावून आणलं. "हे बघा, हे बघा," म्हणून मी तुझा पाय चार बाजूंनी फिरवून दाखवला. घरी जाताना मिठाई नेली.

तुला फोन करायचा हे डोक्यात होतं. उद्या करू, असं. मग बंगळुरूची परिषद आली, तिची तयारी आली. तिथं मोठ्या पडद्यावर तुझा पाय चालला, रंजे. दोन माणसांएवढा उंच. मी म्हणाले, "नमुना क्रमांक एकोणीस, ग्रामीण स्त्री." टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी एक वयस्क सर्जन माझ्याकडं आले. बाकीचे कॅमेऱ्याबद्दल विचारत होते, त्यांनी एकच विचारलं: "या बाईंवर उपचार चालू आहेत ना?"

मी म्हणाले, "हो सर. आम्ही कळवलंय."

इतकं सहज म्हणाले की माझं मलाच खरं वाटलं. त्यांनी मान हलवली, "छान," म्हणाले आणि गेले. मी चहा संपवला.

त्यानंतर पंधरा दिवसांत तुझाच फोन आला. मी बैठकीत होते, समोर माणसं होती. तू म्हणालीस, "वैशे, बायका विचारायल्यात. पायाचं काय कळवनार होतीस तू. बुटाचं बी विचारायल्यात."

"अगं, बूट लगेच येणार असं मी कुठं म्हणाले? हे संशोधन आहे, वर्षं लागतात."

"बूट ऱ्हाऊ दे गं. निदान काय आलं मशीनमधी तेवढं तरी सांग. मला रोज ईचारत्यात. शांताबाई तर तोंडावर म्हणती, तुज्या मैत्रिणीनं पाय नेले आन् पसार झाली."

मला राग आला. आपण मोठं काम करतोय आणि या बायकांना घाई, असं वाटलं. "सांग त्यांना, वेळ लागतो," मी म्हणाले. मग विचारलंस, आवाज जरा खाली आणून:

"आन् माझा गं? माझा पाय कसा आला?"

समोरचे साहेब घड्याळ बघत होते. मी म्हणाले, "मस्त आला."

"मस्त?"

"हो गं, एकदम मस्त. सगळ्यांत चांगला तुझाच आला. ठेवते आता."

मी खोटं बोलले नाही, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. नमुना म्हणून तो मस्तच होता. दिवाळीत जाईन तेव्हा समोर बसून नीट सांगू, फोनवर सांगून उगीच घाबरेल, असंही म्हणाले स्वतःशी. दिवाळीत मी गेले नाही. दिल्लीला काम निघालं.

नंतरचा फोन दाजींचा आला, सोलापूरहून. पावसानं लांबलेल्या सोयाबीनच्या काढणीत तळपायात काहीतरी घुसलं होतं. काय घुसलं, कधी घुसलं, तुला कळलंच नव्हतं. तू रक्ताचा डाग बघून फडकं बांधलंस आणि काढणी पुरी केलीस. पाय सुजला, काळा पडला, ताप चढला. धाराशिवहून सोलापूरला हलवलं, आणि डाव्या पायाचा गुडघ्याखालचा भाग काढावा लागला.

मी त्याच दिवशी आले. तू जागी होतीस. तोंड सुकलेलं, ओठांना भेगा, पण मला बघून हसलीस. "ये गं. आता तुझ्या मशीनला माझा एकच पाय मिळनार बघ."

मी तुझा हात धरला. दाजी औषध आणायला खाली गेले होते, तेजू घरी होती. खोलीत आपण दोघीच. याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. शब्द तोंडात आले होते: रंजे, मला माहीत होतं. मी बघितलं होतं. एवढंच म्हणायचं होतं. तू शिव्या दिल्या असत्यास, नाहीतर शाळेतल्यासारखं म्हणाली असतीस, म्याच काळजी घेतली न्हाय. भीती मला त्या दुसऱ्याचीच होती, तू दोष स्वतःवर घेशील याची. आणि तुझ्या प्रकृतीचं कारण पुढं करून मी म्हणाले, "तू बरी हो आधी. मग बोलू."

"काय बोलायचंय?"

"काही नाही. असंच."

चौथ्या दिवशी तू गेलीस. विष रक्तात पसरलं होतं.

विधी झाल्यावर पाहुणे पांगले. तुझी सासू माझ्यासाठी चहा घेऊन ओट्यावर बसली आणि आपणहून बोलत राहिली. म्हणाली, "लई हट्टी होती. पाय गरम लागायचा, सुजायचा. म्या म्हनायची, दवाखान्यात जाऊन ये, धाराशिव काय लांब न्हाय. तर म्हनायची, आत्या, वैशालीच्या मशीनमधी बघितलंय. नऊ कॅमेऱ्यानं बघितलंय. मस्त हाय म्हनली ती. काय असतं तर ती बोलली नसती व्हय?"

हे तिनं माझ्यावर ठपका ठेवायला सांगितलं नाही. मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, की तुझा माझ्यावर किती विश्वास होता. मी चहाची बशी खाली ठेवली. तोवर मी असं समजत होते की मी फक्त गप्प राहिले. तसं नव्हतं. मी तुला दवाखान्यापासून अडवलं होतं.

दाजी मागं परसात टेम्पोच्या टायरवर बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. फाइल, परिषद, त्या सर्जनना मारलेली थाप, तुझा फोन, 'मस्त'. एक शब्द गाळला नाही. ते जमिनीकडं बघत ऐकत होते. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

शेवटी म्हणाले, "हे तुमी तिला सांगायचं व्हतं. मला सांगून काय उपेग?"

"काहीच नाही, दाजी."

मी वळले. गेटापाशी पोचले तर मागनं त्यांचा आवाज आला. "थांबा. बाकीच्या बायकांचं काय हाय त्या मशीनमधी?"

खरं सांगू, रंजे? त्या क्षणापर्यंत मला बाकीच्यांची आठवणही झाली नव्हती. माझ्या दुःखात आणि माझ्या लाजेत मी पुन्हा मीच होते. चाळीस बायका, आणि त्यांचे पाय माझ्या संगणकात नंबर लावून पडले होते.

पुण्याला परत जाऊन मी एकेक फाइल उघडली, या वेळी आकडे काढायला नाही, पाय बघायला. काही पावलांबद्दल शंका आली, पण जाणीव गेलीय का ते फाइलीत दिसत नाही. वरिष्ठांना सगळं लेखी दिलं. नंबर आणि नावं जुळवायची वही कुलपात असते, ती उघडायला ते तयार नव्हते, नियम दाखवत होते. मी म्हणाले, नियमाप्रमाणं वागले म्हणूनच तुमच्यासमोर उभी आहे. मग मीच लगेच म्हणाले की नाही, हेही खोटं आहे, नियमानं मला फोन करू नको असं कधी सांगितलं नव्हतं. वही मिळाली. माझ्या चौकशीचा कागदही मिळाला, त्याचं काय व्हायचं ते होईल. शोधनिबंधात पावडरीची पद्धत तुझ्या नावानं लिहायला मी पत्र पाठवलंय. उत्तर यायचंय.

गेल्या रविवारी मी पुन्हा समाजमंदिरात आले. मशीन नव्हतं. माझ्या ओळखीची एक डॉक्टर सोबत होती, तिच्याकडं नायलॉनचा बारीक तंतू. तो तळपायाला टेकवून कळतं का विचारायचं, बास. चाळीसपैकी निम्म्याही बायका आल्या नव्हत्या. ज्या आल्या त्यांच्यासमोर मी उभी राहिले आणि म्हणाले, "रंजनाचा पाय बिघडलाय हे मला मशीनमधे दिसलं होतं. मी तिला सांगितलं नाही. तुमचंही काही सांगितलं नाही. आज सांगायला आलेय."

दोघी उठून गेल्या. एक जण पदर तोंडाला लावून रडायला लागली. शांताबाई माझ्यासमोर आली. वाटलं, आता मारणार. "तुज्या तोंडाकडं बघू वाटंना मला," ती म्हणाली. "रंजी दारोदार फिरली तुज्यापायी. आमी शिव्या दिल्या तिला, तुला न्हाय."

मग ती तशीच खाली बसली आणि पाय पुढं केला. "बघ. आन् बघितलं की हितंच सांग, सगळ्यांच्या म्होरं."

डॉक्टरनं तंतू टेकवला. टाचेला कळलं, मधे कळलं, अंगठ्याला नाही. परत टेकवला, नाही. मी सांगितलं, "मावशी, तुमच्या उजव्या अंगठ्याची जाणीव गेलीय. साखर तपासायला उद्याच जायचं. अनवाणी अजिबात फिरायचं नाही, आणि रोज तळपाय बघायचा. दिसत नसेल तर सुनेला बघायला सांगायचं."

"उद्या रानात भांगलायला जायचंय."

"भांगलण राहू द्या."

तिनं माझ्याकडं रोखून बघितलं. "हे असं सांगायला किती येळ लागला गं तुला?" म्हणाली आणि उठली.

एकेक बाई येत गेली. आणखी तिघींच्या पायात खोट निघाली. त्यांना डॉक्टरनं चिठ्ठ्या दिल्या. ज्या आल्या नाहीत त्यांच्या घरी पुढच्या रविवारी जायचंय. दार उघडतील की नाही माहीत नाही. तू जशी दारोदार गेलीस तशी मी जाईन.

मला तुझी माफी मागायची आहे, पण ती तुझ्याकडनं आपोआप मिळून जाते अशी मला लहानपणापासून सवय लागलीय, म्हणून मागत नाही. तू दिली असतीस हेच मला सगळ्यात जास्त लागतं. तुझ्यासारखी मैत्रीण मिळाली, तुझ्या पाठीमागं मी इतकी वर्षं निर्धास्त पळाले. त्याचे उपकार मला तू असताना कधी बोलून दाखवता आले नाहीत.

सगळ्या गेल्यावर मी आणि डॉक्टर सामान आवरत होतो. दाजी दारात आले. सकाळपासून ते बाहेर टेम्पोपाशीच उभे होते, आत फिरकले नव्हते. चपला काढून ते सतरंजीवर बसले. माझ्याकडं न बघता दोन्ही पाय पुढं केले.

"माझे बी बघा," म्हणाले. "पोरीला आता मी एकटाच हाय."

डॉक्टर पुढं झाली तर म्हणाले, "यांना बघू द्या."

मी तंतू घेतला. टाच, कडा, मधला भाग, प्रत्येक बोट. ते डोळे मिटून "कळतंय" म्हणत होते. पायाला हात लावून गरम आहे का बघितलं, भेगा बघितल्या, बोटांच्या बेचक्यात बघितलं. उभं करून, चालायला लावून बघितलं, आणि पुन्हा बसवून सुरुवातीपासून बघितलं. त्यांनी घाई केली नाही.

दोन्ही पाय चांगले आहेत, रंजे. मी तीनदा तपासले, डॉक्टरला एकदा तपासायला लावले, आणि मगच त्यांना तसं सांगितलं.